केराची पाटी

मानवी संस्कृतीचा पाया अग्नीने घातला नाही, चाकाने नाही आणि लेखणीने तर मुळीच नाही. तो घातला झाडूने. ज्या दिवशी पहिल्या माणसाने आपल्या गुहेसमोरचा केर काढला, त्या दिवसापासून तो पशू उरला नाही. आणि ज्या दिवशी त्याने तो केर शेजारच्या गुहेसमोर लोटला, त्या दिवशी समाज निर्माण झाला.

यातली पहिली तीन वाक्यं फ्लायडररबाईंची आहेत, शेवटचं माझं. शेवटचं मी त्यांना ऐकवलेलं नाही. कारण पहिली तीन त्या मला ऐकवत होत्या तेव्हा त्यांच्या तर्जनीचं टोक माझ्या नाकासमोर होतं, आणि त्या टोकावर जिन्याच्या कठड्यावरची धूळ होती.

"हे काय आहे, क्युब्लर?"

"बोट," मी म्हणालो.

"बोटावर काय आहे?"

"अहो, मी कालच पुसलाय तो कठडा."

"काल जग निर्माण झालं असतं तरी त्यावर एवढी धूळ बसली नसती. पाटी कुणाच्या दारावर आहे?"

पाटी माझ्या दारावर होती. नेकर नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या या गावात माणसाची पत दोनच गोष्टींवर ठरते: बटाट्याची कोशिंबीर रसरशीत जमते की नाही, आणि पाटी दारावर असताना तो कसा वागतो. पाटी लाकडाची, तळहाताएवढी. ज्याच्या दाराला ती अडकवलेली असेल त्याचा तो केराचा आठवडा. इकडच्या बोलीत त्याला केरवोखे म्हणतात. त्यातला केर कुठल्याही भाषेत केरच. पुढचा जिना, मागचा जिना, तळघराची बोळ, दारापुढची फरशी, सगळं त्याने झाडायचं, आणि आठवडा सरला की पाटी गुपचूप पुढच्याच्या दाराला लटकवून हुश्श करायचं. आमच्या इमारतीत बिऱ्हाडं तीन. तळमजल्यावर फ्लायडरर नवराबायको, मधे डोर्नरबाई आणि त्यांचं मांजर, वर मी एकटा. नियमाने पाटी तिघांत फिरते. प्रत्यक्षात बारमाही केराचा आठवडा एकट्या फ्लायडररबाईंचाच चालू असतो. आम्ही दोघं मधूनमधून त्यांच्या देखरेखीखाली उमेदवारी करतो.

त्यांचं घर मी पाहिलेलं आहे. त्या घरात धूळ नाही. खिडकीतून ऊन आत आलं की आपल्या घरात त्यात कण तरंगताना दिसतात. त्यांच्याकडे नुसतं ऊन येतं.

त्यांचे यजमान गोटहिल्फ. पूर्वी गिअरच्या कारखान्यात फोरमन होते. माणूस देवभीरू, मितभाषी, आणि कुठेही काही लिहिलेलं असलं की ते पाळणारा. रात्री निर्मनुष्य रस्त्यावर लाल दिव्यासमोर उभं राहून त्यांनी जितका काळ घालवला आहे, तितक्यात दुसऱ्याने एखादी भाषा शिकली असती.

तर ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारच्या आदल्या आठवड्यात हे गोटहिल्फ टोपी हातात धरून माझ्या दारात आले.

"क्युब्लर, तुम्हाला संगणकातलं कळतं."

"कोण म्हणालं?"

"डोर्नरबाईंचा प्रिंटर तुम्ही नीट केलात."

मी त्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता. तेव्हापासून इमारतीत माझी तज्ज्ञ म्हणून ख्याती आहे, आणि जिन्याच्या बाबतीत माझी जी ख्याती आहे ती बघता मी ही दुसरी नाकारण्याच्या स्थितीत नव्हतो.

"काय झालंय?"

"तो दमलाय," गोटहिल्फ म्हणाले. एवढं बोलून तेही दमले. मग आम्ही खाली गेलो.

फ्लायडररांच्या तळघरात रेल्वे आहे. खेळण्यातली म्हणालात तर गोटहिल्फ तुमच्याशी महिनाभर बोलणार नाहीत, आणि तुमच्या ते लक्षातही येणार नाही. मोठं टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यावर डोंगर, द्राक्षमळे, दोन बोगदे, चर्च, दारूचा गुत्ता, आणि नखाएवढी माणसं. डोंगरांवरची हिरवळ म्हणजे रंगवलेल्या भुशाची भुकटी, गोटहिल्फ ती चहाच्या गाळणीने पेरतात. गाड्या एकाच वेळी सहा-सात धावतात, आणि कुठली कुठे थांबायची, कुठला सिग्नल कधी पडायचा, हे टेबलाखाली ठेवलेला एक करडा, जुना संगणक ठरवतो.

दरवर्षी ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी गल्लीतली पोरं ही रेल्वे बघायला येतात. गेल्या वर्षी संगणकाने सिग्नल इतका सावकाश पाडला की तोवर जलदगाडी मालगाडीच्या पोटात शिरली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "पुन्हा! पुन्हा!" म्हणाली. पण हँबुर्गहून आलेली त्यांची मुलगी अनेग्रेट टाळ्या वाजवत नव्हती. तिने तिथल्या तिथे निकाल दिला: "बाबा, पुढच्या वर्षी हे असंच झालं तर मी नवा संगणक आणते आणि हा खोका भंगारात जातो. ऐकून घेणार नाही."

"मग आणू दे की नवा," मी म्हणालो. "काय बिघडलं?"

गोटहिल्फनी टेबलाच्या कडेला हात ठेवला. "नव्यावर ओटमार चालत नाही."

ओटमार म्हणजे त्यांचा कारखान्यातला मित्र. या रेल्वेचा सगळा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिला होता, फक्त या एका संगणकासाठी, आणि त्यात काय लिहिलंय ते कुणालाही न सांगता तो दोन हिवाळ्यांपूर्वी वारला. एका तज्ज्ञाला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, हे नव्या यंत्रावर हलवणं म्हणजे मेलेल्या माणसाचं स्वप्न दुसऱ्याला पाडायला लावण्यासारखं आहे. आणि एवढं सांगून निघून गेला.

"म्हणजे हा खोका गेला की रेल्वे गेली?"

"गेली," गोटहिल्फ म्हणाले. "रोझविताने मापंही घेतलीत. इथे मुरंब्याची फळी बसेल." रोझविता म्हणजे फ्लायडररबाई.

मी टेबलाखाली वाकलो. संगणक चालू केला. थोडा वेळ वाट बघितली. मग गोटहिल्फ म्हणाले, "चला, वर जाऊन कॉफी घेऊन येऊ." आम्ही वर गेलो, कॉफी घेतली, लोणी लावलेलं एकेक ब्रेत्सेल खाल्लं, नगरपालिकेबद्दल वाईट बोललो आणि खाली आलो. पडद्यावर "सुस्वागतम" असं आलं होतं.

"रोज असंच?"

"पूर्वी नुसत्या कॉफीत व्हायचं. ब्रेत्सेल अलीकडे लागतं."

मी आत काय चाललंय ते बघितलं. पहिली गोष्ट, या संगणकावर विषाणूंपासून रक्षण करणारे तीन पहारेकरी बसवलेले होते.

"तीन कशाला?"

"एक चुकला तर दुसरा."

"आणि तिसरा?"

"दोघंही चुकले तर."

ज्या माणसाने छत्रीचा विमा उतरवलाय त्याच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण तिघं पहारेकरी एकमेकांनाच चोर समजत होते. पहिला दुसऱ्याची झडती घ्यायचा, दुसरा तिसऱ्याची, तिसरा पहिल्याला म्हणायचा, ओळखपत्र दाखव. या धक्काबुक्कीत ओटमारच्या प्रोग्रॅमला दारातून आत शिरायला जागा नव्हती.

"यातले दोन काढावे लागतील."

"कुठले?"

"कुठलेही."

"आणि उरलेला आजारी पडला तर?"

"गोटहिल्फ, अहो, या संगणकाला इंटरनेटची तारच जोडलेली नाही. विषाणू येणार कुठून, कॉफीतून?"

त्यांनी कॉफीच्या कपाकडे संशयाने पाहिलं आणि मान डोलावली. दोन पहारेकरी निवृत्त झाले. मग मी सकाळी संगणकाबरोबर कोण कोण उठतं ते बघितलं. अर्धा गाव उठत होता. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम रोज उठून मालकाची वाट बघत बसायचा. अनेग्रेटच्या शाळेतला फ्रेंच शब्दकोश उठायचा, ती आता स्वतः शिक्षिका असताना. एक घड्याळ उठायचं आणि माद्रिदमधली वेळ सांगायचं.

"माद्रिद कशाला?"

"एकदा जाणार होतो."

"मग?"

"गेलो नाही."

मी सगळ्यांना झोपू दिलं. माद्रिदला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

"मेमरीही वाढवता येईल," मी उत्साहात म्हणालो. "एक पट्टी बसवायची असते."

"माझीही कमी झालीय," गोटहिल्फ म्हणाले. "मला कुणी पट्टी बसवत नाही."

पुन्हा चालू केला. खरंच झटकन उठला. आम्हाला कॉफीसाठी उठायलाही सवड मिळाली नाही. गोटहिल्फनी कळ दाबली. गाड्या निघाल्या. सिग्नल पडले, उठले, जलदगाडी बोगद्यातून बाहेर आली, मालगाडी शहाण्यासारखी बाजूला थांबली. गोटहिल्फच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आमच्याकडे आनंद म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला ते अपचन वाटलं असतं.

पाव तास गेला. मग टेबलाखालून घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग मोठी, मग अशी की कुणीतरी तिथे पीठ दळतंय. आणि जसजशी घरघर वाढली तसतसा सिग्नल रेंगाळू लागला. मालगाडी निघायला नको तेव्हा निघाली. गोटहिल्फनी झडप घालून वीज तोडली, नाहीतर जलदगाडी पुन्हा तिच्या पोटात होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सुरुवातीला तरणाताठा, पाव तासाने म्हातारा. मला स्वतःच्या सकाळची आठवण झाली, पण मी ती बोलून दाखवली नाही.

शनिवार उजाडला. दुपारी तीनच्या गाडीने अनेग्रेट येणार होती आणि रविवारी पोरं. आम्ही दोघं टेबलाखाली डोकं घालून ती घरघर ऐकत होतो, तेवढ्यात फ्लायडररबाई मुरंब्याच्या बरण्या घेऊन खाली आल्या. बोळीतच थबकल्या.

"पिशवी भरलीय," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"मला काय विचारता? माझा व्हॅक्यूम असा ओरडायला लागला की मी पिशवी बदलते. त्याची कुठली पिशवी आहे ती बदला."

मी हळूच खोक्याच्या वर हात ठेवला आणि चटकन काढला. डोर्नरबाईंच्या मांजराने अंथरूण टाकावं इतका तो तापला होता. आणि मला सगळं उमगलं.

"बाई, तुम्ही बरोबर बोललात. याला गरम होतंय. आत पंखा आहे, तो अडलाय. तापला की हा स्वतःला जपायला हळू चालतो. सुरुवातीला गार असतो म्हणून पळतो."

"कशाने अडलाय?"

मी बोलायला नको होतं. पण बोलून गेलो.

"धुळीने."

बरण्या जमिनीवर टेकल्या.

"या घरात," फ्लायडररबाई सावकाश म्हणाल्या, "धूळ नाही."

"घरात नाही हो. खोक्यात."

"खोका कुठे आहे?"

"घरात."

"मग?"

गोटहिल्फ माद्रिदच्या घड्याळाकडे बघत राहिले.

"उघडून बघू," मी म्हणालो. "नसली धूळ, तर मी महिनाभर पाटी माझ्या दारावर ठेवीन."

"उघडता येणार नाही," गोटहिल्फ म्हणाले, आणि खोक्याच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एक कागदी शिक्का चिकटवलेला होता: हा शिक्का तुटल्यास हमी संपुष्टात येईल.

"अहो, हमी संपली कधीच! ज्या दुकानातून घेतलात तिथे आता नखं रंगवतात."

"दुकान गेलं म्हणून लिहिलेलं जात नाही."

"गोटहिल्फ, मग उद्या ओटमार जाईल."

त्यांचा हात पुन्हा टेबलाच्या कडेला गेला. शिक्क्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. एका बाजूला छापील अक्षर, दुसऱ्या बाजूला ओटमार. असा पेच त्या माणसावर आयुष्यात आला नसावा. लाल दिवा निदान हिरवा तरी होतो.

तेवढ्यात एप्रनच्या खिशातून बटाटे सोलायची सुरी निघाली आणि शिक्का कापला गेला.

"रोझविता!"

"मला बघायचंय," फ्लायडररबाई म्हणाल्या. "आता या घरात एक तर तो शिक्का राहील नाहीतर मी झोपेन."

त्यांनी झाकण मात्र तिथे उघडू दिलं नाही. तळघर त्यांनी सकाळीच पुसलं होतं. शिवाय रुळांवर एक कण बसला तरी इंजिन अडतं, म्हणून गोटहिल्फही नको म्हणाले. वरच्या घरात नेण्याबद्दल बोलायचं धाडस कुणी केलं नाही. अंगणात गारठलेला पाऊस पडत होता. उरला मागचा जिना. फ्लायडररबाईंनी खोका धुण्याच्या टोपलीत ठेवला, वरून टेबलक्लॉथ झाकला, आणि आमची वरात, पुढे टोपली, मागे गोटहिल्फ, त्यांच्या मागे मी, अशी जिन्याच्या वळणावर येऊन बसली.

"व्हॅक्यूम आणू का?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चर्चमध्ये मासे तळायला निघालो होतो. एक वाजून गेला होता. एक ते तीन आमच्या इमारतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत. नियम घरमालकाचा, अंमल फ्लायडररबाईंचा. आणि तीनला अनेग्रेट.

"हातानेच," त्या म्हणाल्या. "आणि हळू बोला."

झाकण निघालं.

मी खूप गोष्टी पाहिल्या आहेत. एकदा आमच्या महापौरांना शांत बसलेलं पाहिलं आहे. पण असं काही नाही. आत धातूचं, तारांचं काहीएक दिसत नव्हतं. आत एक गादी होती. हिरवट, करडी, मऊ, जाड. एखाद्या सरदाराच्या अंगाखाली शोभेल अशी. ओटमारचा प्रोग्रॅम इतके दिवस तिच्यात रजई पांघरून काम करत होता.

फ्लायडररबाई पायरीवर बसल्या. त्यांना मी पायरीवर बसलेलं प्रथमच पाहत होतो. पायऱ्या बसण्यासाठी नसतात असं त्यांचं मत आहे.

"हे आमचं नाही," त्या म्हणाल्या.

"डोंगरावरची भुकटी आहे," गोटहिल्फ कबुली दिल्यासारखे म्हणाले. "थोडी."

"आणि बाकीची?"

मला त्यांची खरोखर दया आली. आणि दया आली की मी खरं बोलतो, हा माझा दोष आहे.

"बाई, असा विचार करा. तळघर एवढं स्वच्छ कसं राहिलं? हा रोज संध्याकाळी पंख्याने हवा आत ओढायचा. उडालेलं सगळं पोटात घ्यायचा. तुमच्या आधी हाच केर काढत होता."

"म्हणजे मी रोज पुसत होते ते..."

"याने शिल्लक ठेवलेलं."

गोटहिल्फनी डोळे मिटले. मीही मिटले असते, पण मला बघायचं होतं. फ्लायडररबाई बराच वेळ त्या गादीकडे बघत राहिल्या. एका कामगाराने दुसऱ्याकडे बघावं तशा.

"तरी," त्या शेवटी म्हणाल्या, "पिशवी बदलायला हवी होती बिचाऱ्याची. ब्रश आणते."

त्या घरात ब्रश किती आहेत ते मी मोजलं नाही. चित्रांच्या चौकटींचा वेगळा, बटणांचा वेगळा, हंसाच्या पिसांचा एक तर फक्त नाताळात काढतात. पंखा उलटा फिरू नये म्हणून गोटहिल्फनी त्यात लाकडी काडी अडकवली आणि इंजिनं रंगवायच्या कुंचल्याने पातीन् पाती साफ केली. मी खोका धरला. बाई आत हात घालून गादीचे गोळेच्या गोळे काढत होत्या आणि टोपलीत टाकत होत्या. टोपलीत न गेलेलं पायऱ्यांवर पडत होतं. पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका गोळ्यात काहीतरी कडक लागलं. गोटहिल्फनी ते अंगठ्याने पुसलं. लाल टोपी घातलेला, हातात झेंडी धरलेला, नखाएवढा माणूस.

"स्टेशनमास्तर," त्यांच्या तोंडून निघालं.

हा स्टेशनमास्तर मागच्या उन्हाळ्यात फलाटावरून नाहीसा झाला होता. त्यासाठी डोर्नरबाईंच्या मांजरावर आरोप ठेवण्यात आला होता आणि दोन्ही बिऱ्हाडांचं सणासुदीला चालणारं केकचं देणंघेणं तेव्हापासून बंद होतं.

आणि अर्थातच, नेमक्या त्याच वेळी वरचं दार वाजलं आणि डोर्नरबाई छत्री घेऊन जिन्यात आल्या.

पायरीवर बसलेल्या फ्लायडररबाई, मांडीवर धुण्याची टोपली, कोपरापर्यंत हिरव्या. गोटहिल्फनी स्टेशनमास्तर मुठीत लपवला. मी खोक्यावर टेबलक्लॉथ ओढला.

"अग बाई," डोर्नरबाई कुजबुजल्या, दुपारची शांतता पाळत. "हे काय आणलंत?"

फ्लायडररबाई खोटं बोलत नाहीत. त्यांना सवय नाही. म्हणून जे बोलल्या ते फार वाईट बोलल्या.

"शेवाळ," त्या म्हणाल्या.

"नाताळच्या देखाव्यासाठी?"

"...हो."

"किती मऊ! जंगलातलं?"

"खालचं," गोटहिल्फ म्हणाले. हे खरं होतं.

"मला यंदा कुठे मिळालंच नाही हो. थोडं द्याल? बाळ येशूच्या खाली घालायला. नुसत्या कागदावर निजतोय बिचारा."

मी फ्लायडररबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सात रंगांतून गेला. मग त्यांनी टोपलीतला सगळ्यात मोठा गोळा उचलला, दोन्ही हातांनी, अदबीने, आणि डोर्नरबाईंच्या पिशवीत घातला.

"आणखी?"

"नको, पुरे. देव भलं करो. संध्याकाळी केक आणून देते, इतक्या दिवसांत झालाच नाही." आणि डोर्नरबाई छत्री सावरत खाली निघून गेल्या.

तीनच्या आत झाकण बसलं. गोटहिल्फनी शिक्क्याचे दोन तुकडे डिंकाने जागच्या जागी चिकटवले. कशाला, ते मी विचारलं नाही.

रविवारी दुपारी तळघर पोरांनी भरून गेलं. अनेग्रेट भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. गोटहिल्फनी कळ दाबली. गाड्या निघाल्या. पाव तास झाला. गोटहिल्फनी टेबलाची कड धरली. टेबलाखालून कसलाच आवाज आला नाही. नुसता एक हलका सुस्कारा, जेवण झाल्यावर सोडतात तसा. सिग्नल वेळेवर पडला. मालगाडी थांबली. जलदगाडी तिच्या बाजूने तोऱ्यात निघून गेली, आणि फलाटावर स्टेशनमास्तरने झेंडी धरलेली होती.

"ती धडकणार नाही?" पुढच्या रांगेतल्या एका मुलीने निराश होऊन विचारलं.

"नाही," गोटहिल्फ म्हणाले.

"मागच्या वर्षी जास्त मजा आली."

तासभर गाड्या धावल्या. शेवटी अनेग्रेटने हाताची घडी सोडली. "बाबा, काय केलंस याला?"

गोटहिल्फनी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"विश्रांती दिली," गोटहिल्फ म्हणाले.

"बरं. राहू दे मग. ओटमारकाकाला आवडलं असतं." एवढं बोलून ती पोरांना बिस्किटं वाटायला निघून गेली. गोटहिल्फ खाली वाकले आणि खोक्याच्या वर हात ठेवून तसेच राहिले. गार आहे का ते बघत असावेत.

पोरं गेली, अनेग्रेटही हँबुर्गच्या गाडीत बसली. डोर्नरबाईंनी आम्हा सगळ्यांना मधल्या मजल्यावर नेऊन देखावा दाखवला. बाळ येशू हिरव्या-करड्या गादीवर अगदी सुखात निजला होता. "यंदा कसा जिवंत वाटतो ना?" त्या म्हणाल्या. फ्लायडररबाई म्हणाल्या, "फार सुंदर." आणि दोन शिंका दिल्या.

मग आम्ही तिघं फ्लायडररांच्या स्वयंपाकघरात बसलो. ॲडव्हेंटची पहिली मेणबत्ती पेटलेली होती. फ्लायडररबाईंनी कपाटातून आलुबुखाराची दारू काढली, तीन लहान पेले काढले, प्रत्येक पेला आधीच स्वच्छ होता तो पुसला, भरला आणि एकेकासमोर ठेवला. मग उठून उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून गोटहिल्फ उभे राहिले, म्हणून मीही.

"क्युब्लर," त्या म्हणाल्या, "काल तुम्ही जे पाहिलंत, ते परक्या माणसाने बघायचं नसतं."

"मी काहीच पाहिलं नाही."

"मधे बोलू नका. पाहिलंत. तेव्हा आता तुम्हाला परकं राहता येणार नाही. इतकी वर्षं आपण अहो-जाहो केलं. वयाने मी मोठी आहे, म्हणजे सांगायचा मान माझा." त्यांनी पेला उचलला. "मी रोझविता."

आमच्याकडे हे सहज होत नाही. माणसं शेजारी राहतात, म्हातारी होतात, एकमेकांना खांदा देतात आणि शेवटपर्यंत अहो-जाहो करतात. मी इतका हेलावलो की पेला सांडता सांडता राहिला.

"मी ऑयगेन," मी म्हणालो.

"गोटहिल्फ," गोटहिल्फ म्हणाले. हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

आम्ही प्यालो. मेणबत्ती जळत होती. बाहेर पाऊस थांबला होता. खाली तळघरात ओटमार मोकळा श्वास घेत होता. मला वाटलं, झाडूने नव्हे, माणूस माणसाला जेव्हा पहिल्यांदा 'तू' म्हणतो, त्या क्षणीच संस्कृतीचा पाया घातला जातो.

रोझविताने पेला खाली ठेवला आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

"ऑयगेन."

"बोल, रोझविता."

"मागच्या जिन्यावर अजून हिरवं पडलंय. आणि आठवडा आज रात्रीपर्यंत तुझाच आहे. जाता जाता तेवढा केर काढशील?"